फ्लेक्सखालचं घर

अन्याय झाला तो यावल तालुक्यातल्या एका मजूर बाईवर. गेल्या दोन ऑक्टोबरला, ग्रामसभेत, सकाळी अकरा वाजून दहा मिनिटांनी. हरकत एकाने घेतली, हसले सगळे, आणि तिच्या नावापुढे शेरा मारला ग्रामसेवकाने. त्या सगळ्यांच्या हातात हत्यार दिलं होतं मी.

वेळ इतकी नेमकी ठाऊक आहे, कारण सभेत एकाने मोबाइलवर शूटिंग केलं होतं. ती चाळीस सेकंदांची क्लिप गावभर फिरली, मग माझ्याकडे आली. पत्रक लिहायला मी धुळ्यात कॉलेजात असताना शिकले. एसटीच्या पासासाठी आम्ही भांडलो होतो तेव्हा. पहिली ओळ कशी लिहायची, हे तिथल्या एका सीनियर मुलीने शिकवलं : कुणावर, कधी, कुणी. बाकीचं रडगाणं नंतर. म्हणून या पत्रकाचीही तशीच सुरुवात केली. फक्त त्या ‘कुणी’मध्ये स्वतःचं नाव यायची ही माझी पहिली वेळ.

मी जळगावला एका दवाखान्यात केसपेपर काढते. रविवारी सुट्टी. चाळीसगावच्या एका लग्नाच्या फोटोग्राफरकडून जुना कॅमेरा घेतला होता, त्याचं बटण दोनदा दाबलं की एकदा चालतं. तो गळ्यात अडकवायचा आणि सकाळच्या पहिल्या बसने यावल नाहीतर सावद्याला जायचं, हा माझा रविवार. एकटी पोरगी, गळ्यात कॅमेरा. ‘ताई, कोणत्या चॅनलच्या?’ हे तर बसमध्येच सुरू होतं. चॅनल नाही म्हटलं की पुढचा प्रश्न, ‘मग कायले काढता?’ मी म्हणायचे, आवडतं, एवढंच.

ओझं वाहणारी माणसं मला आवडतात. म्हणजे त्यांचे फोटो. मानेची शीर, डोक्यावरची चुंबळ, पाऊल टाकताना अंगठा मातीत कसा रुततो ते. केळीच्या बागेत फोटो काढणं सोपं नाही. पानांखाली सगळा उजेड हिरवा असतो, माणसं काविळीने आजारी पडल्यासारखी दिसतात. हे कळायला मला वर्ष लागलं. मग युक्ती सापडली, बागेत शिरायचंच नाही. बांधावर थांबायचं. घड घेऊन माणूस सावलीतून बाहेर येतो, तेव्हा पहिली तीन पावलं त्याच्यावर खरा उजेड असतो. त्या तीन पावलांत जे मिळेल ते आपलं.

मे महिन्यातल्या एका रविवारी ती अशीच बाहेर आली. कापणीच्या टोळीत बाया कमी असतात, त्यातली ही एक. पन्नाशीची. डोक्यावर चुंबळ, चुंबळीवर घड, एक हात वर, दुसरा मोकळा. घड जमिनीला टेकवायचा नसतो. टेकला की साल काळी पडते आणि व्यापारी तो बाजूला काढतो. म्हणून ही माणसं स्वतः घसरतात, घड घसरू देत नाहीत. तिची साडी एकेकाळी हिरवी असावी. खांद्यापासून कमरेपर्यंत ती तपकिरी-काळी झाली होती. केळीचा चीक. कापलेल्या दांड्यातून तो गळत राहतो, पाण्यासारखा दिसतो, आणि वाळला की जन्मभराचा डाग. सोडा लावा, लिंबू लावा, निघत नाही. बागेत जायची साडी वेगळी ठेवतात ती त्यामुळेच.

मी बटण दाबलं. एकदाच चाललं. पण काय चाललं!

ती माझ्याकडे बघून थांबलीसुद्धा नाही. ट्रॅक्टरवर घड ठेवून परत जाताना म्हणाली, “काढला का?”

“काढला अक्का. देईन हं तुम्हाला.”

“हो, देजो,” ती म्हणाली, आणि तिच्यासोबतची दुसरी बाई हसली. त्या हसण्याचा अर्थ मला तेव्हा कळला नाही. फोटो काढणारा प्रत्येक माणूस ‘देईन’ म्हणतो. कोणी देत नाही. मीही दिला नाही.

देण्याआधी मी तो हौशी फोटोग्राफरांच्या एका व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर टाकला. दोनशेच्या वर माणसं त्यात. अंगठे आले, ज्वाळा आल्या, ‘क्या बात’ आलं. एका ज्येष्ठाने लिहिलं, ‘कंपोझिशन उत्तम, डाग थोडे खटकतात.’ मी त्याला आभार मानल्याची खूण पाठवली. आज त्या खुणेची लाज वाटते.

पोळ्याच्या आसपास यावल स्टँडवर उतरले आणि समोर ती उभी. दहा फूट उंच. केळीची रोपं विकणाऱ्या एका दुकानाचा फ्लेक्स होता. वर दुकानाचं नाव, खाली मोबाइल नंबर, मध्ये अक्का. माझाच फोटो. पण साडी पिवळीधमक, लग्नातल्यासारखी. चिकाचा एक डाग नाही. मागचा ट्रॅक्टर गायब, त्या जागी निळं आभाळ. अनवाणी पाय कापून टाकलेले. आणि तिच्या खांद्याजवळ लिहिलेलं, ‘आमची रोपं, यांची भरभराट! प्रगतिशील महिला बागायतदार.’

आता खरं सांगते, कारण नाहीतर हे सगळं लिहिण्यात अर्थ नाही. मला पहिल्यांदा आनंद झाला. मी त्या फ्लेक्सखाली उभी राहून सेल्फी काढला. मग खालपासून वरपर्यंत वाचलं आणि राग आला. कशाचा? माझं नाव कुठेच नव्हतं, याचा.

त्या रात्री मी जळगावला खोलीवर बसून दीड पान लिहिलं, छायाचित्रकाराच्या हक्काबद्दल. जळजळीत. ‘चोरी’ हा शब्द सहा वेळा. पुढच्या रविवारी ते घेऊन त्या दुकानात गेले. मालक गोड माणूस. खुर्ची दिली, चहा सांगितला.

“अहो ताई, ग्रुपवर टाकलेला फोटो म्हणजे चव्हाट्यावरचा. पोराने कुठून तरी घेतला असेल, डिझाइनवाल्याला दिला असेल. तुमचं नाव टाकायचं होतं का? सांगायचं ना! पुढच्या वेळी टाकू. कोपऱ्यात, पण टाकू.”

“आणि डाग का काढले?”

“डागवाली साडी फ्लेक्सवर? लोक म्हणतील, ह्याची रोपं लावून बाईची ही दशा झाली का?”

मला हसू आलं. खरंच आलं. मी चहा प्यायले. नाव कोपऱ्यात यायचं कबूल झालं होतं. म्हणजे माझा लढा जिंकल्यातच जमा होता.

त्या संध्याकाळी आईला फोन करून सगळं रंगवून सांगितलं. आई धुळ्याला असते, घरात अहिराणीच बोलते. सगळं ऐकून घेतलं आणि एकच विचारलं, “आनि ती बाई? तिले इचारं व्हतं का तू?”

मी म्हटलं, “आई, तिला काय विचारायचं, तिला कुठे यातलं कळतं.”

आई म्हणाली, “तुले बठ्ठं कळस ना, मंग झायं.” ‘बठ्ठं’, म्हणजे सगळं. आणि फोन ठेवला.

आईचा असा फोन ठेवणं म्हणजे थोबाडीत. तरी मी लगेच उठून गेले असं नाही. दवाखान्यात डेंग्यूची गर्दी होती, रविवारच्याही ड्युट्या लागत होत्या, आणि खरं म्हणजे तोंड दाखवायचं नव्हतं. दिवाळी झाली. नोव्हेंबरात दोन दिवस अवकाळी पाऊस झाला, त्यानंतरच्या रविवारी मी फोटोची प्रिंट काढली, पुठ्ठ्याच्या दोन तुकड्यांमध्ये घातली आणि तिच्या गावाला निघाले. साडेपाच महिने उशिरा.

घर विचारत गेले. बाग ज्यांची त्यांचं घर वेगळं, ते सगळ्यांना माहीत. तिचं घर गावाच्या टोकाला नाल्याजवळ होतं. कुडाच्या भिंती, वर पत्रे, पत्र्यांवर दगड. ती अंगणात तूर निवडत होती. मला ओळखलं.

“आली का फोटोवाली! मी म्हनलं, मेली का काय.”

“नाही अक्का, उशीर झाला. हा घ्या.”

तिने हात पदराला पुसले, प्रिंट घेतली, लांब धरली. बराच वेळ बघितली. मग म्हणाली, “हे खरं हाये. हे पाय, डाग बी हायेत.” आणि मग, “ये, आत ये. दुसरा फोटो दाखवते तुले.”

मी वाकून आत गेले. डोळ्यांना अंधाराची सवय व्हायला जरा वेळ लागला. “वर पाह्य,” ती म्हणाली.

वर पाहिलं. पत्र्याच्या खाली, आढ्याला सुतळीने ताणून बांधलेला तोच फ्लेक्स. दिवाळीनंतर उतरवला, तो ट्रॅक्टरवाल्याने हिच्या नवऱ्याला देऊन टाकला. आपल्याकडे फ्लेक्स काही वाया जात नाही. वाढदिवसाचा नेता गोठ्यावर जातो, श्रद्धांजलीचा म्हातारा कडब्यावर. हा हिच्या घरात आला होता, पत्र्यातून गळतं ते अडवायला. छापलेली बाजू खाली. पिवळ्याधमक साडीतली, बिनडागाची दहा फुटी अक्का तिच्याच चुलीवर आडवी पसरलेली होती. पाणी साठून पोटाजवळ फुगवटा आला होता.

खाटेवर तिचा नवरा बसला होता. टोळीत तो घड कापायचा, गुडघा गेल्यापासून घरीच असतो. म्हणाला, “माह्यावाली बायको दोन जागी हाये आता. वर बी नी खाली बी. वरची बोलत नाही, म्हून तीच बरी.”

“वरची भाकर बी नाही टाकत,” अक्का म्हणाली.

दोघं हसले, मीही हसले. मग तिने दोन ऑक्टोबरची गोष्ट सांगितली आणि माझं हसणं तिथेच संपलं.

घरकुलाच्या यादीत तिचं नाव होतं. खूप वर्षांनी वर सरकत सरकत या वेळी आलं होतं. सभेत यादी वाचली. तिचं नाव आलं, आणि मागून एक जण ओरडला, “हरकत! ही तर बागायतदार हाये भाऊ! यावल स्टँडवर जाऊन पाहा, केवढा मोठा फोटो लागेल हाये!” सभा हसली. कोणी तरी म्हणालं, “अक्का, आमाले बी ठेव कामाले!” पुन्हा हसू. ग्रामसेवकही हसला, आणि हसता हसता त्याने तिच्या नावापुढे लिहिलं, ‘पडताळणीसाठी राखून.’ नंतर तिने जाऊन विचारलं, तर म्हणे तोंडी हरकत आली, लिहावं लागतं. पुढच्या सभेत बघू. तोवर यादीतली तिच्या मागची नावं मंजुरीला गेली.

हे सांगताना ती तूर निवडत होती. एकही खडा सुटला नाही.

मी रडायला लागले. तिने एकदा पाहिलं.

“रडू नको. घर गळते तेवढं पुरे.”

“अक्का, चूक माझी आहे.”

“मंग माह्याकडं काय सांगते? सभेत सांग.”

झालं. तिथून पुढचे दोन महिने मी एकच काम केलं. कॅमेऱ्यातली मूळ फाइल शोधली. तिच्यात सगळं जसंच्या तसं होतं, डाग, पाय, ट्रॅक्टर, त्या रविवारची तारीख आणि वेळ. मग अक्काला विचारलं, तुमच्या कामाचा आख्खा दिवस काढू का? ‘विचारलं’ हा शब्द मी या कामात पहिल्यांदा वापरतेय. ती म्हणाली, काढ. डिसेंबरात एका रविवारी उजाडल्यापासून टोळी थांबेपर्यंत मी तिच्या मागे होते. पहिला घड, विसावा, घसरता घसरता सावरलेला सतरावा. चुंबळीखालचे विरळ झालेले केस. धुऊन वाळत घातलेली, न निघालेल्या डागांची साडी.

मग म्हटलं, “अक्का, घरातला एक काढू? वरच्या फोटोसकट?”

या वेळी तिने लगेच हो म्हटलं नाही. नवऱ्याकडे पाहिलं. मग मला म्हणाली, “काढ. पन सभेत दाखवायचा. त्या तुह्या मोबाइलच्या गावात नाही टाकायचा. माही चूल जगाले नाही दाखवायची.”

“शब्द देते.”

“तुह्या शब्दाले साडेपाच महिने लागतात,” ती म्हणाली. “कबूल कर.”

मी कबूल केलं. दारातून येणारा उजेड चुलीच्या धुरावर पडला होता. ती खाली बसलेली, वर ती पसरलेली. बटण पहिल्या दाबात चाललं.

रोपांच्या दुकानात पुन्हा गेले. लेखी द्या म्हटलं, की ही बाई बागायतदार नाही, जाहिरातीसाठी तसं छापलं. मालकाने या वेळी चहा सांगितला नाही. “असं लिहून दिलं तर माझा फ्लेक्सच खोटा ठरतो की!” “ठरतो,” मी म्हटलं. तो गिऱ्हाइकाकडे वळला. ठीक. त्याच्याशिवाय करू.

सव्वीस जानेवारीला झेंडावंदन झालं, पोरांना बुंदी वाटली, आणि शाळेच्या व्हरांड्यात ग्रामसभा बसली. मी आदल्या दिवशी जळगावच्या स्टुडिओतून मोठ्या प्रिंटा करून आणल्या होत्या. शाळेच्या खिडक्यांच्या गजांना सुतळी बांधली आणि कपड्यांच्या चिमट्यांनी अकरा फोटो टांगले. त्यांच्या शेजारी स्टँडवरच्या फ्लेक्सचा फोटो. तो माझ्याकडे होताच. सेल्फीतून माझं तोंड कापून टाकलं होतं.

“ह्या ताई कोण? गावच्या आहेत का?” सरपंचाने विचारलं.

“नाहीत,” अक्का उठून म्हणाली. “माह्या साक्षीदार हायेत.”

ग्रामसेवकाने फोटोंवरून एक नजर फिरवली. “हे बघा ताई, तुमची कळकळ समजते. पण फोटो म्हणजे काही पुरावा होत नाही.”

मी सगळी रात्र भाषण पाठ केलं होतं. ते सगळं विसरले. तोंडातून एवढंच निघालं, “मग दोन ऑक्टोबरला कसा झाला?”

व्हरांड्यात बुंदी खाणाऱ्या पोरांचाच आवाज. ज्याने हरकत घेतली होती तो मागे खांबाला टेकून उभा होता. सगळे त्याच्याकडे वळले. तो म्हणाला, “मी तर गमतीत म्हनलं होतं भाऊ. मले काय माहीत, हे लिहितील म्हून.”

“मी बी गमतीतच पावसात झोपते,” अक्का म्हणाली.

या वेळी कोणी हसलं नाही. एक म्हातारे आबा काठी टेकत उठले, टांगलेल्या फोटोंजवळ गेले, घरातल्या फोटोसमोर थांबले. वरची बाई पाहिली, खालची पाहिली. मग मागे न वळताच ग्रामसेवकाला म्हणाले, “लिही रे. गंमत खोड, नी लिही.”

शेरा खोडला गेला. ठराव लिहिला, हरकत निराधार, नाव यादीत कायम, स्थळ पाहणी करून पुढे पाठवावे. मी त्या पानाचा फोटो काढला, विचारून.

फोटो उतरवताना अक्काने घरातला फोटो माझ्या हातातून घेतला, गुंडाळला आणि काखेत धरला. फाइल माझ्याकडे आहे. मी आजवर काढलेला हा सगळ्यात चांगला फोटो, हे मला माहीत आहे. त्याच महिन्यात ग्रुपवर एका स्पर्धेची घोषणा आली, विषय ‘घर’. दोन दिवस माझी बोटं शिवशिवत होती. मी ग्रुप सोडला. सोडताना अक्काच्या मूळ फोटोबद्दल सगळ्यांना लिहिलं, खोडून टाका. सात जणांनी खोडल्याचं कळवलं. त्या ज्येष्ठांनी लिहिलं, ‘एवढं काय त्यात?’

एवढं असं की पाहणी अजून झालेली नाही. सव्वीस जानेवारी जाऊन किती दिवस झाले ते तुम्ही मोजा. फ्लेक्स अजून तिच्या चुलीवर आहे. पाहणीला येणारा माणूस रस्त्याने येईल, आणि दुकानाने तोच फ्लेक्स आणखीही छापला होता, त्यामुळे यावल-सावदा रस्त्यावर पिवळ्या साडीतली ती अजून तीन ठिकाणी उभी आहे. मागच्या रविवारी मी स्वतः पाहिली. एक दुकानासमोर, एक गोठ्याच्या भिंतीवर, एक रसवंतीच्या मांडवाला. तो माणूसही हसेल, आणि हसता हसता काहीतरी लिहील.

म्हणून हे वाचणाऱ्या तुम्हाला सांगते. दुकान तुमचं असेल, गोठा तुमचा असेल, मांडव तुमचा असेल, तर आज उठा आणि तो फ्लेक्स उतरवा. तुमचा नसेल, तर ज्याचा आहे त्याच्याकडे जा आणि उतरवायला लावा. फाडू नका, उलटा करून वापरा, कोरी बाजू बाहेर. आणि तुमच्या फोनमध्ये कुणा घामेजलेल्या माणसाचा, न विचारता काढलेला, ‘देईन’ म्हणून न दिलेला एक फोटो आहे. आहेच. तो घेऊन येत्या रविवारी त्याच्या दारात जा. बाहेरून देऊन पळू नका. आत बोलावलं तर वाकून आत जा, आणि वर पाहा.